एक शून्य अधिक

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्या एका वकिलांच्या कार्यालयात काम करतात. विषय या पानाला शोभणारा नाही, असे त्यांनी आरंभीच संकोचाने लिहिले आहे. तक्रार अशी की, कार्यालयातील संगणकावरून इंदूरमधल्या इंदूरमध्ये फॅक्स विनासायास जातो, परगावचा मात्र काही केल्या जात नाही. तोच परगावचा क्रमांक टेलिफोन उचलून हाताने लावला की पहिल्या खेपेस लागतो. म्हणजे लाइन चांगली, पलीकडचे यंत्र चांगले, आणि तरी मध्येच कुठेतरी माशी शिंकलेली. "तुम्ही मराठीचे मास्तर, हे ठाऊक आहे, पण मागे एकदा फॅक्सची काही हकीकत तुम्ही ओझरती लिहिली होती, ती आता सविस्तर सांगावी," असे लिहून त्यांनी आमच्या पळवाटा बंद करून टाकल्या आहेत.

फॅक्सचे दिवस सरले, हे आम्हांसही कळते. आमच्या शाळेतील मुलांना हा शब्द आता अर्थ सांगून शिकवावा लागतो. तरीपण अजून काही कार्यालये अशी आहेत की त्यांच्या कागदावर फॅक्सचा क्रमांक छापलेला असतो आणि एखाद्या अडलेल्या दिवशी ती तोच मागतात. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही संगणकावरून फॅक्स पाठवण्याची सोय ठेवलेली आहे, आणि तिच्या पोटातले नियम वीस वर्षांपूर्वी होते तेच आहेत. त्या नियमांनी आम्हांला एकदा असे काही पेचात पकडले होते की, त्यांची ओळख आम्ही जन्मभर विसरणार नाही.

ही गोष्ट २००५ सालच्या जून महिन्यातली. आम्ही तेव्हा पांढुर्ण्याच्या एका शासकीय शाळेत शिक्षक होतो. नागपुरात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपला वापरलेला संगणक, त्यासोबत स्कॅनर आणि आतमध्ये बसवलेला मोडेम, असा सगळा संसार शाळेला भेट दिला होता. मोडेम म्हणजे संगणकाच्या भाषेचे टेलिफोनच्या आवाजात आणि आवाजाचे पुन्हा भाषेत रूपांतर करणारा दुभाषी. शाळेच्या टेलिफोनची तार त्यात खोचून आमच्या कार्यालयातील बाबूंनी छिंदवाड्याला दोनतीन फॅक्स पाठवूनही पाहिले होते. ते गेले होते. त्यामुळे यंत्रावर आमचा विश्वास बसलेला होता.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास आमची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. बारावीला चांगले गुण मिळवून तिने नागपूरच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता. वसतिगृहातील जागेसाठी मात्र शाळेचे चारित्र्याचे प्रमाणपत्र हवे होते आणि ते सायंकाळी पाचच्या आत न पोचल्यास जागा यादीतील पुढच्या मुलीला जाणार होती. मूळ प्रत तीन दिवसांत दिली तरी चालेल, आज फॅक्स पुरे, एवढी सवलत तेथील बाईंनी टेलिफोनवर दिली होती. वडील संत्र्याच्या बागेत मजुरी करणारे. वसतिगृह न मिळाले तर नागपुरात खोली घेऊन मुलीला ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती. म्हणजे शिक्षणच थांबणार होते. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. बस धरली तरी वाटेतले थांबे, सीताबर्डीची गर्दी आणि तिथून पुढे वसतिगृहापर्यंतची धावपळ धरता पाचचा भरवसा कोणी द्यावा? तरी आम्ही वडिलांना मूळ प्रत देऊन बसमध्ये बसवले आणि मुलीला शाळेतच थांबवून घेतले. बाजारात फॅक्सचे दुकान होते, पण दुकानदार लग्नाला मुलताईला गेलेला. त्यातून चार वाजता भारनियमनाची वीज जाणार हे ठरलेले. म्हणजे आमच्या हाती अडीच तासांहूनही कमी वेळ होता.

बाबूंनी प्रमाणपत्र स्कॅनरवर ठेवले, नागपूरचा क्रमांक भरला आणि कळ दाबली. मोडेमच्या पोटात एक बारीक भोंगा असतो. पलीकडचे यंत्र भेटेपर्यंत लाइनवर काय चालले आहे ते तो ऐकवतो. आम्ही कान देऊन ऐकत होतो. डायल टोन आला, अंक भराभर वाजले, घंटी गेली, टेलिफोन उचलला गेला. आणि फॅक्स यंत्राच्या शिट्टीऐवजी एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला.

"हॅलो! कोन बोलते जी?"

यंत्राने त्यावर आपली ठरलेली साद घातली. दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद वाजणारा तो एकसुरी टूं. त्यातून "मी फॅक्स आहे, तूही आहेस का?" असे ते विचारत असते. आजीबाईंना त्यातले काय कळणार? त्या आणखी मोठ्याने बोलू लागल्या.

"सौंसरहून का रे? बोल ना बापा, आवाज नाई येऊन राह्यला! काय झालं तिचं?"

आम्ही त्यांचे बोलणे ऐकत होतो, पण आमचा शब्द त्यांना पोचवण्याचे कोणतेही साधन त्या पेटीत नव्हते. मिनिटभराने यंत्राने आपण होऊन टेलिफोन ठेवला. बाबू म्हणाले, "सर, राँग नंबर लागला असन. अंक तर बरोबर आहेत." खरोखरच पडद्यावरचे अंक बरोबर होते. आम्ही ते पत्रावरून दोनदा ताडून पाहिले. या खटाटोपात दहा मिनिटे केव्हा गेली ते कळले नाही, आणि यंत्राने कोणाला न विचारता पुन्हा तोच क्रमांक लावला; तीन वेळा प्रयत्न करावा आणि मध्ये दहा मिनिटे थांबावे, असे त्यात आधीच ठरवलेले होते. पुन्हा त्याच आजीबाई. या खेपेस त्यांचा आवाज कापत होता. कोणीतरी सौंसरच्या दवाखान्यात होते आणि तिथून येणाऱ्या टेलिफोनची त्या वाट पाहत होत्या, एवढे आम्हांला कळले. त्यांची लाइन आमचे यंत्र अडवून बसले होते. आम्ही भिंतीतली तार उपटली.

आता डोके लावणे भाग होते. आजीबाईंनी सौंसरचे नाव घेतले, आणि त्यांचा स्वर टेकडीपलीकडून बोलावे इतका स्पष्ट होता. हा टेलिफोन नागपूरला गेलेलाच नाही, तो गावातल्या गावात फिरतो आहे, अशी शंका आम्हांला आली. पण नागपूरचा क्रमांक पांढुर्ण्यात कसा लागावा? बाबूंनी तेव्हा संगणकाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून फोन व मोडेम यांचे पान उघडले. तिथे डायलिंग रूल्स नावाचा एक कप्पा असतो आणि त्यात यंत्राला त्याचे स्वतःचे ठिकाण सांगितलेले असते: देश कोणता, गावाचा एस. टी. डी. कोड कोणता. आमच्या यंत्रात गावाचे नाव होते नागपूर आणि कोड होता ७१२.

वाचकहो, यंत्राची काहीच चूक नव्हती. ते नागपुरात विकत घेतले गेले, नागपुरात वाढले, तेथूनच टेम्पोत बसून आमच्याकडे आले. आपण गाव सोडले आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून त्याला नागपूरचा क्रमांक दिसला की ते मनाशी म्हणे, हा तर गावातलाच. कोड कशाला लावायचा? आणि ते कोड गाळून नुसते सात अंक फिरवी. नागपूरचे क्रमांक सात अंकी, आमचे सहा अंकी. आमच्या एक्स्चेंजने पहिले सहा अंक घेतले, सातवा सोडून दिला आणि त्या सहा अंकांचा जो कोणी गावात होता त्याच्या घरची घंटी वाजवली. छिंदवाड्याचे फॅक्स गेले कसे, याचाही उलगडा झाला: यंत्राच्या दृष्टीने ते परगाव होते आणि आमच्याही दृष्टीने परगावच होते, म्हणून चूक झाकली गेली.

येथे क्षणभर थांबून हे अंक कसे बांधलेले असतात ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा घोटाळा कळणार नाही. आपल्या देशात गावाचा कोड आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून दहा अंक होतात. नागपूरचा कोड ७१२, म्हणून तिथे क्रमांक सात अंकी. पांढुर्ण्याचा ७१६४ आणि सौंसरचा ७१६५, म्हणून आमच्याकडे सहा अंकी. मुंबईचा कोड अवघा २२, म्हणून तिथे आठ अंकी. कोडाच्या आधी आपण जे शून्य लावतो ते कोडाचा भाग मुळी नसतेच. ते एक्स्चेंजला दिलेले सांगणे असते की, पुढचे अंक या गावचे नाहीत. पूर्वी हे काम माणूस करीत असे. आमच्या लहानपणी वडील पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवीत, तेव्हा ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे विचारण्याच्याही आधी ऑपरेटर विचारी, "कुठून बोलता?" मग तासन् तास बाकावर बसायचे. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातील पहिली एस. टी. डी. सेवा सुरू झाली आणि ग्राहकाला परगावचा क्रमांक स्वतः लावता येऊ लागला. ती आमच्या बाजूला पोचायला पुष्कळ वर्षे लागली. पण पुढे रात्री अकरानंतर पाव दरात बोलण्यासाठी पिवळ्या बूथसमोर रांगा लावलेल्या आमच्या पिढीला त्या शून्याचे मोल सांगायला नको. आणि दोन शून्ये लावली की टेलिफोन देशाबाहेर जातो.

आम्ही यंत्राचे ठिकाण बदलून पांढुर्णा केले आणि कोड ७१६४ भरला. एव्हाना तीन वाजत आले होते. बाबूंनी आता कोणताही धोका नको म्हणून नागपूरच्या क्रमांकाच्या रकान्यातही कोड नीट भरला: ०७१२. तार खोचली, कळ दाबली. अंक वाजले, आणि लगेच ध्वनिमुद्रित बाईंनी शुद्ध हिंदीत कळवले की, ही सुविधा आपल्या टेलिफोनवर उपलब्ध नाही.

नागपूरला लावण्याची सुविधा नाही? हाताने तर लागत होता! आम्ही चक्रावलो. मुलगी दाराशी उभी राहून घड्याळाकडे पाहत होती. ती काही बोलत नव्हती, हे तिने बोलण्यापेक्षा अधिक लागत होते. शेवटी आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी, ते तास संपवून सहज डोकावले होते, कागद मागितला आणि यंत्र काय फिरवीत असेल ते अंक एकाखाली एक लिहून काढले. यंत्राला आता कळले होते की नागपूर परगाव आहे; म्हणून नियमाप्रमाणे त्याने आपल्या पदरचे एक शून्य लावले. त्यापुढे बाबूंनी भरलेले ०७१२. झाले ००७१२. दोन शून्ये म्हणजे परदेश. आणि त्यानंतरचा ७ हा रशिया व कझाकस्तान यांचा देश-क्रमांक. वसतिगृहातील बाईंना पाठवायचे चारित्र्याचे प्रमाणपत्र आम्ही मॉस्कोच्या दिशेने धाडत होतो! शाळेच्या टेलिफोनवर परदेशाची सोय बंद होती, म्हणून वाटेतच अडले एवढेच.

एक शून्य पुसले. ७१२ ठेवले. तीन वाजून वीस मिनिटांनी भोंग्यातून पलीकडच्या यंत्राची ती लांब, उंच शिट्टी ऐकू आली, आणि त्यानंतर दोन यंत्रांचे एकमेकांशी ओळख करून घेण्याचे ते कर्कश खरखरणे. असे सुरेल संगीत आम्ही फार थोड्या वेळा ऐकले आहे. पण कागद निम्मा गेला असेल नसेल, तोच लाइन तुटली. शेजारच्या खोलीतील टेलिफोन त्याच तारेवर होता आणि तो कोणीतरी सहज उचलला होता. आम्ही शिपायाला त्या टेलिफोनवर पहारा करायला बसवले आणि पुन्हा पाठवले. साडेतीनच्या आत पान गेले. नागपूरला हाताने टेलिफोन लावून खात्री केली, तर तेथील बाई म्हणाल्या की कागद आला आहे, पण मुलीचे आडनाव वाचवत नाही. वेलांट्या आणि अनुस्वार उडाले आहेत. फॅक्सची साधी पाठवणी उभ्या दिशेने एका इंचात सुमारे शंभरच रेघा पाहते. इंग्रजी अक्षरे त्यात तग धरतात, आमची देवनागरी मात्र डोक्यावरचा संसार हरवून बसते. बारीक रेघांची, म्हणजे दुप्पट रेघांची पाठवणी निवडून आम्ही तिसऱ्यांदा पान धाडले. "आता वाचता येते," असे उत्तर आले आणि वीज गेली. चारला सात मिनिटे कमी होती.

मुलीला जागा मिळाली. ती आज विदर्भातल्या एका गावी शिक्षिका आहे, याहून अधिक ओळख आम्ही देणार नाही.

राहिल्या त्या आजीबाई. सहा अंक आमच्यापाशी होतेच. सायंकाळी घरी न जाता आम्ही शाळेतूनच ते हाताने लावले. पहिल्या घंटीलाच टेलिफोन उचलला गेला. आम्ही नाव-गाव सांगितले आणि दुपारचे ते टूं टूं आमच्या यंत्राचे होते हे कबूल करून क्षमा मागितली. त्या रागावतील अशी आमची अपेक्षा होती, आणि रागावल्याही. "तुमच्या त्या पेटीपायी माह्या जीव टांगनीले लागला होता गुर्जी! सौंसरले सून आहे माही दवाखान्यात. पोरगं तिकडून लावून लावून थकलं, म्हने बिझी येते." मग थोडे थांबून त्यांनी सांगितले की, मुलगी झाली आहे, दोघी बऱ्या आहेत आणि मुलगा बातमी द्यायला स्वतः बस धरून आला. सौंसर-पांढुर्ण्याचा तो प्रवास त्याने केवळ आमच्या एका चुकीच्या कोडापायी केला होता.

पुढच्याच वर्षी आमची बदली सौंसरला झाली. तिथे हेच शून्य वेगळ्या वेषात भेटले. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात आमचा एक जुना विद्यार्थी कारकून होता. त्याच्याकडे बरोबर उलटी तक्रार: ठिकाण ७१६५ ठीक, नागपूरचा कोड ७१२ ठीक, तरी फॅक्स जाईना. कारखान्यात टेलिफोनचे अंतर्गत एक्स्चेंज होते आणि बाहेरची लाइन मिळवायला आधी शून्य दाबावे लागे. ते शून्य कारखान्याच्या दारावरचा रखवालदार घेई; परगावासाठीचे शून्य त्यानंतर निराळे लागे. म्हणजे आमच्या शाळेत जी दोन शून्ये चूक ठरली तीच येथे बरोबर. फरक इतकाच की, पहिल्या शून्यानंतर बाहेरचा डायल टोन यायला क्षण-दोन क्षण लागत, आणि यंत्र तेवढा धीर न धरता पुढचे अंक भडाभडा ओतून मोकळे होई. त्यावर उपाय निघाला तो ऐकून आमच्यातला भाषाशिक्षक सुखावला. शून्यानंतर स्वल्पविराम द्यायचा! मोडेमच्या व्याकरणात एका स्वल्पविरामाचा अर्थ दोन सेकंद थांबणे. तीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो की स्वल्पविरामापाशी थांबावे. ते निमूटपणे ऐकणारा विद्यार्थी आम्हांला बोरगावच्या त्या कारखान्यात भेटला.

हे सर्व आठवताना आमच्या मनात एक विचार नेहमी येतो, तो येथे मांडतो. बाहेरच्या वाचकांना तो कदाचित गमतीचा वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती; त्यातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी, कचेरीत हिंदी, दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला नागपूर, अर्जाला भोपाळ. पण एस. टी. डी. कोडांची यादी उघडून पाहा. नागपूर ७१२, वर्धा ७१५२, काटोल ७११२, सावनेर ७११३. आणि त्यांच्याच ओळीत छिंदवाडा ७१६२, पांढुर्णा ७१६४, सौंसर ७१६५, पलीकडचे बैतूल ७१४१. भोपाळ मात्र ७५५, जबलपूर ७६१, इंदूर ७३१. टेलिफोनच्या जाळ्याने राज्याची सीमा न पाहता तारा जिकडे जातात तिकडचे कुळ आम्हांला लावले, आणि ते कुळ नागपूरचे निघाले. आम्हांला अजून ७१ने सुरू होणारा क्रमांक दिसला की आपल्याकडचे कोणी असावे असे वाटते. आपण अजून नागपुरातच आहोत असे मानणारे ते यंत्र आमच्या वडिलांच्या पिढीसारखे होते, असे आम्ही एकदा बाबूंना म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांचे वडीलही त्याच पिढीतले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कोड मात्र दोन्ही गावांचे होते तेच आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशी शिफारस केली की, स्थिर टेलिफोनांची विभागणी अशा छोट्या कोड-क्षेत्रांऐवजी मोठ्या सेवाक्षेत्रांवर, म्हणजे साधारणतः राज्यांवर व्हावी आणि एका स्थिर टेलिफोनवरून दुसऱ्यावर बोलताना, गावातल्या गावातही, शून्य आणि कोड लावावा. स्थिर टेलिफोनवरून मोबाइलला शून्य लावणे तर १५ जानेवारी २०२१ पासून आवश्यक झालेलेच आहे. ही शिफारस अमलात आल्यावर गावातले आणि परगावचे हा भेद संगणकाने ओळखण्याचे कारणच उरणार नाही. जुन्या नियमांवर चालणारी यंत्रे मात्र तेव्हा गावातल्या गावात अडतील.

आता इंदूरच्या भगिनींसाठी. आपल्या पत्रावरून आम्हांला वाटते ते असे की, आपला संगणक पलीकडच्या गावाचा कोड शून्यासकट घेऊन त्यावर आणखी एक शून्य चढवीत असावा, किंवा कार्यालयात अंतर्गत एक्स्चेंज असून बाहेरच्या लाइनसाठीचा अंक परगावच्या रकान्यात भरायचा राहिला असावा. त्या पानावर गावासाठी एक आणि परगावासाठी एक असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला भरून दुसरा रिकामा सोडला की नेमकी आपण लिहिता तशीच स्थिती होते. ठिकाणाच्या जागी इंदूर आणि ७३१ आहे ना, शून्याविना, हे प्रथम पाहावे. जुना संगणक कोणी दुसऱ्या गावाहून आणलेला असल्यास विशेषच. डायल टोन नाही अशी तक्रार यंत्र करीत असेल आणि टेलिफोनला मात्र टोन येत असेल, तर टोनची वाट पाहण्याची खूण काढून टाकावी. परदेशी लाइनसाठी बनलेल्या काही मोडेमांना आपला घुमणारा टोन ओळखू येत नाही. आणि या सर्व खटपटीचा कंटाळा आला तर सर्वांत सरळ वाट अशी की, पाठवतानाच डायलिंग रूल्स वापरण्याची खूण काढावी आणि आपण हाताने जे अंक जसे दाबतो तेच, शून्यासकट आणि लागल्यास स्वल्पविरामासकट, जसेच्या तसे लिहावेत. मग यंत्र आपल्या पदरचे काही घालत नाही.

एवढे करूनही शिट्टी येते पण पान जात नाही असे झाले, तर दोष अंकांचा नव्हे. आजकाल पुष्कळ ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी फायबरवरून टेलिफोन येतो. त्यात आवाजाच्या बारीक चिरफळ्या करून पाठवल्या जातात. माणसाच्या कानाला ते चालते, फॅक्सला चालत नाही. तेव्हा मोडेमचा वेग ९६०० वर उतरवून पाहावा. कार्यालयातील दुसरा टेलिफोन त्याच लाइनवर असेल, तर त्याच्याजवळ कोणाला तरी बसवावे. आणि पहिल्या दोन वेळा भोंग्याचा आवाज बंद करू नये. पलीकडून माणसाचा आवाज आला तर ताबडतोब तार काढावी आणि मग तोच क्रमांक हाताने लावून त्या घरची क्षमा मागावी. फॅक्स गेला की नाही, ते मात्र आम्हांला पत्राने कळवावे.